दख्खनच्या नद्यांतील जीवसृष्टी

दख्खनच्या नद्यांतील जीवसृष्टी : नद्या, ओढे, डोह, तलाव आणि पाणथळ जमिनी यांतील गोड्या पाण्यात राहणारे मासे, मृदुकाय व कवचधारी प्राणी, कीटक, कासवे, ऊद (पाणमांजर), पाणपक्षी, शैवले व जलवनस्पती यांचा समुच्चय. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्क्याहूनही कमी भाग गोड्या पाण्याने व्यापलेला आहे. तथापि ज्ञात पृष्ठवंशी प्राण्यांपैकी सु. एक-तृतीयांश आणि माशांपैकी सु. निम्म्या जाती त्यात आढळतात. मानवी वस्तीही प्रथमपासून याच पाण्याच्या काठी वाढली. त्यामुळे गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या मानवी उपयोगाचा इतिहास ठरतो. गोदावरी, भीमा, कृष्णा व त्यांच्या उपनद्या यांच्या बाबतीत हा इतिहास ताम्रपाषाण युगापासून मागे लावता येतो. प्रत्येक काळाने या जीवसृष्टीचे एखादे मूल्य ओळखले, ते नोंदले व त्याची जपणूकही केली. जे मूल्य नोंदले गेले नाही, त्याचा ऱ्हास मात्र बहुधा लक्षात न येता झाला, असे या इतिहासावरून दिसते.

नैसर्गिक पार्श्वभूमी : दख्खनच्या प्रमुख नद्या सह्याद्रीत, अरबी समुद्रापासून थोड्याच अंतरावर उगम पावतात आणि पठार ओलांडून पूर्वेस बंगालच्या उपसागराला मिळतात. त्यांचे पाणी मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांतील असते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे पात्र उन्हाळ्यात खडकाळ होते व पाणी केवळ खोल डोहांत उरते. या नद्यांतील जीवांचे आयुष्य या ऋतुचक्राशी जुळलेले आहे. अनेक जातींचे मासे पहिल्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध चढून उथळ, प्राणवायुयुक्त पाण्यात व भरलेल्या खाचरांत अंडी घालतात. माशांच्या या चढणीला कोकणात वलगण म्हणतात. पाणी ओसरू लागले की पिले प्रवाहाबरोबर खाली येतात आणि उन्हाळा डोहांत काढतात. डोह ही अशा रीतीने पुढील वर्षाच्या माशांची साठवण होय.

या जीवसृष्टीतील घटक परस्परांवर अवलंबून असतात. दगडांवरील शैवले व पाण्यातील प्लवक हे अन्नसाखळीचे मूळ होय. गारा प्रजातीतील मळ्या हा लहान मासा तोंडाखालील चकतीने खडकाला चिकटून शैवले खातो. कीटकांच्या अळ्या पाण्यात पडलेला पालापाचोळा कुरतडतात; अळ्यांना मासे आणि माशांना ऊद, खंड्या व बगळे खातात. नदीच्या तळाशी रुतून राहणारे शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कण अन्न म्हणून घेतात व त्यामुळे पाणी निवळण्यास मदत होते. त्यांच्यापैकी अनेकांचे डिंभ काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासे नाहीसे झाले, तर त्यांच्याबरोबर शिंपल्यांची नवी पिढीही थांबते. ही साखळी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिचे मोल सहसा हिशेबात धरले जात नाही.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : भीमेची उपनदी घोड हिच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा काळ सु. इ. स. पू. १६०० ते ७०० असा मानला जातो. तेथील लोक शेती व पशुपालन करीत. तथापि अवशेषांत मासे, कासवे व शिंपले यांचाही समावेश आहे. पर्जन्यमान अनिश्चित असलेल्या या प्रदेशात पीक बुडाल्यास नदीतील अन्न उपयोगी पडत असणार.

कौटिलीय अर्थशास्त्रात मत्स्यबंधकांनी नौकांच्या भाड्यादाखल मिळकतीचा सहावा भाग द्यावा, असा नियम आहे. मासे हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन मानले गेल्याचे यावरून दिसते. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर काढलेली आज्ञा कोरलेली आहे. तीत अवध्य प्राण्यांच्या यादीत काही जलचर असून, ठराविक पौर्णिमा व उपोसथाच्या दिवशी मासे मारू किंवा विकू नयेत आणि कोळ्यांच्या राखीव जलाशयांतही (केवटभोग) हिंसा करू नये, असे सांगितले आहे. या आज्ञेमागील प्रेरणा धार्मिक असली, तरी वर्षातील काही दिवस मासेमारी बंद ठेवण्याची ही एक जुनी लेखी नोंद आहे.

दख्खनच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याचा मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि हा संस्कृत कोश. त्यातील मत्स्यविनोद या प्रकरणात राजाच्या करमणुकीसाठी गळाने मासे धरण्याची माहिती आहे. माशांचे खवले असलेले व नसलेले, तसेच समुद्रातील व नद्यांतील असे प्रकार सांगून कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, याचे वर्णन त्यात येते. एवढी बारीक माहिती दरबारात उपजलेली नसून ती नदीवर राबणाऱ्यांकडून मिळाली असणार, हे उघड आहे. भारतीय प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी १९५० च्या सुमारास अशोकाचे लेख व मानसोल्लास यांतील मत्स्यविषयक माहितीचा आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने अभ्यास केला.

लोकजीवनातील स्थान : महाराष्ट्रात गोड्या पाण्यातील मासेमारी प्रामुख्याने भोई, कोळी व विदर्भातील ढीवर या जमातींची उपजीविका होती. जाळी, गळ, भोत व पाण्यातील अडथळे यांची रचना माशाच्या जातीनुसार व ऋतूनुसार वेगवेगळी असे. बाजारात मरळ, वाम व महसीर यांना चांगली किंमत येई. बारीक मासे, खेकडे व झिंगे मात्र बहुधा घरीच खाल्ले जात किंवा वाळवून ठेवले जात. बारीक मासे काट्यांसकट खाल्ले जात असल्याने चुना (कॅल्शियम) व इतर पोषक द्रव्ये गरिबांच्या आहारात त्यांच्याद्वारे येत. पावसाळ्यात खाचरांत चढलेले मासे व खेकडे शेतकऱ्यांनाही फुकट मिळत. या अन्नाची किंमत कोणत्याही वहीत नोंदली जात नसे.

माशांचे अतिरिक्त शोषणही होत असे. रामेठा, गेळफळ इ. वनस्पतींचा विषारी अंश डोहात मिसळून मासे गुंगवण्याची रीत सह्याद्रीत होती. तिला आवर घालणारी सामाजिक बंधनेही होती. देवस्थानाजवळचे काही डोह राखीव मानले जात. इंद्रायणीकाठी देहू व आळंदी येथे देवाचे मासे म्हणून ते न पकडण्याचा प्रघात होता. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, रायगड जिल्ह्यात महाडनजीक काळ नदीच्या वाळण कोंडातील महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात व त्यांना कोणी मारीत नाही. भाविक त्यांना चुरमुरे व इतर खाद्य घालतात. अशा डोहांत मोठ्या वयाचे मासे टिकून राहत व प्रजननकाळी त्यांची संतती राखीव क्षेत्राबाहेरही पसरत असावी. देवराईने वनस्पतींच्या बाबतीत जे कार्य केले, तेच राखीव डोहाने माशांच्या बाबतीत केले [⟶ देवराई].

विदर्भाच्या पूर्व भागात, भंडारा, गोंदिया व चंद्रपूर जिल्ह्यांत, गोंड राजवटीच्या उत्तेजनाने कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांध हा त्यांपैकी एक प्रसिद्ध तलाव होय. या तलावांचे पाणी भातशेतीला मिळे. ढीवर त्यांत मासे धरीत, शिंगाड्याचे पीक घेत व कमळाचे देठ आणि कंद विकीत. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आल्यावर तलावांची मालकी शासनाकडे गेली व ते माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. मालकी बदलल्यानंतर गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही कामे मागे पडली आणि अनेक तलाव उथळ झाले.

याच तलावांच्या काठी रानभात आपोआप उगवतो. त्याला या भागात देवधान म्हणतात. संस्कृत वाङ्मयात रानभाताचे नाव नीवार असे आहे. नांगरटीवाचून उगवलेले धान्य खाण्याच्या ऋषिपंचमीच्या व्रतातही अशा धान्याला स्थान आहे. उथळ डबक्यांत उगवणाऱ्या एका रानभाताला १९६५ मध्ये ओरायझा निव्हारा हे शास्त्रीय नाव देण्यात आले. पुढे फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने भाताच्या खुरटे गवती रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती शोधण्यासाठी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. ती उत्तर प्रदेशातून आलेल्या याच जातीच्या एका नमुन्यात आढळली. तिच्या संकरातून तयार झालेले वाण १९७४ पासून प्रसृत झाले व १९७६ मधील आयआर–३६ हा वाण आशियात फार मोठ्या क्षेत्रावर लावला गेला. पाणथळ जागेतील एका तृणाचे मूल्य किती असू शकते आणि ते आधी ओळखणे किती कठीण असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शास्त्रीय अभ्यास : ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याची १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकीय माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. शेती, लोकसंख्या व जमीनमहसूल यांबरोबरच त्याने पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांचीही नोंद केली. भीमा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात १८३९ मध्ये आणि सचित्र रूपाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन असून त्यांपैकी बहुसंख्य जाती शास्त्राला नवीन होत्या.

साइक्सच्या निबंधाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याने अनेक नव्या जातींना कोळी व भोई वापरीत असलेली मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. कोळीस माशाचे कोलस, शिंगटीचे सींगटी, मळ्याचे मुल्या, ताकरीचे ताक्री, सांडखोलचे सँडखोल अशी लॅटिन लेखनातील रूपे झाली. थूथनावर शिंगासारखे उंचवटे असलेला एक मासा नुक्ता या नावाने नोंदला गेला. एका संपूर्ण प्रजातीला त्याने रोहती हे नाव दिले. यांपैकी कित्येकांच्या प्रजातीचे नाव नंतर बदलले, परंतु जातिवाचक मराठी शब्द आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कायम राहिला. ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, अशा मासेमारांचे निरीक्षण अशा रीतीने प्राणिशास्त्रात टिकून राहिले. माशाला स्वतंत्र नाव असणे याचा अर्थ तो इतरांपासून वेगळा ओळखला गेला होता; आणि ज्याचा काही उपयोग वा उपद्रव असतो, त्यालाच लोक वेगळे नाव देतात.

साइक्सनंतर टॉमस जर्डन व फ्रान्सिस डे यांनी दक्षिण भारतातील माशांचा अभ्यास केला. डे याचा द फिशेस ऑफ इंडिया (१८७५–७८) हा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पुण्याच्या नद्यांतील माशांची सूची ए. जी. एल. फ्रेझर याने १९४२ मध्ये केली व त्यानंतर पुण्यातील अभ्यासकांनी वेळोवेळी नव्या सूची सिद्ध केल्या. मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील अधिकारी चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये कृष्णा नदीतून एका नव्या माशाचे वर्णन केले. हा लहान मासा इतर माशांचे खवले खातो. म्हणून त्याचे जातिवाचक नाव खवलचोर असे ठेवण्यात आले. साइक्सने घालून दिलेली मराठी नावांची परंपरा अशी शंभराहून अधिक वर्षे चालू राहिली.

एकाच नदीच्या अनेक सूची उपलब्ध असणे हे भारतात विरळ आहे. मुळा-मुठेच्या बाबतीत त्यामुळे दीर्घकालीन तुलना शक्य झाली. २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत पूर्वीच्या सूचींतील काही जाती पुणे परिसरात आढळल्या नाहीत, काही केवळ वरच्या भागातील स्वच्छ ओढ्यांत उरल्या होत्या आणि बाहेरून आणलेल्या जातींची भर पडली होती.

धरणे व परकीय मासे : दख्खनच्या नद्यांवर मोठी धरणे बांधण्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरुवात झाली. मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाटा कंपनीने लोणावळा व मुळशी परिसरात जलाशय बांधून भीमेच्या खोऱ्यातील पाणी घाटाखाली वीजनिर्मितीसाठी वळवले. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यातील प्रश्न बुडणाऱ्या जमिनींचा होता. स्वातंत्र्योत्तर काळात कोयना, जायकवाडी, उजनी (१९८०) इ. मोठे प्रकल्प झाले. सिंचन, वीज व पिण्याचे पाणी यांमुळे राज्याच्या आर्थिक जीवनात मोठा बदल घडला, हे निर्विवाद आहे. तथापि प्रकल्पांच्या खर्च-लाभाच्या हिशेबात नदीतील मासे सहसा धरले गेले नाहीत. चढणीच्या माशांचा मार्ग भिंतीमुळे अडला. वाहत्या पाण्यातील जातींना साठलेले पाणी मानवले नाही. आणि धरणाखालील पात्र कोरडे पडल्याने डोह आटले.

नव्या जलाशयांत मासे वाढविण्याचे प्रयत्न मात्र मोठ्या प्रमाणावर झाले. ओडिशातील अंगुल येथे १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. यानंतर कटला, रोहू व मृगळ या मुख्यतः उत्तर भारतीय माशांचे बीज सर्वत्र उपलब्ध होऊ लागले व ते दख्खनच्या तलावांत आणि धरणांत सोडण्यात आले. आफ्रिकेतील तिलापिया हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. महाराष्ट्रात चिलापी या नावाने ओळखला जाणारा हा मासा उजनीसारख्या जलाशयांत फार वाढला. त्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. परंतु अनेक जातींच्या जागी एकाच जातीवर अवलंबून राहावे लागल्याने भाव पडल्यास किंवा मासा कमी झाल्यास मच्छीमाराला दुसरा आधार उरत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये भारतात आणलेला गँबूझिया आणि मत्स्यशेतीसाठी आलेला आफ्रिकी मांगूर हेही स्थानिक माशांना अपायकारक ठरले. आफ्रिकी मांगुराच्या संवर्धनावर २००० साली केंद्र शासनाने बंदी घातली.

शहरे व कारखाने यांचे सांडपाणी हे ऱ्हासाचे दुसरे मोठे कारण होय. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. अशा पाण्यात हवेतील प्राणवायू घेऊ शकणारे थोडे मासे तग धरतात व इतर नाहीसे होतात. वाळूउपशाने तळाचा अधिवास नष्ट होतो. शिंपले व तळाशी अंडी घालणारे मासे यांना त्याचा विशेष फटका बसतो.

महसीरचे उदाहरण : एखाद्या जीवाचे केवळ एकच मूल्य लक्षात घेतल्यास काय घडते, याचे महसीर हे बोधप्रद उदाहरण आहे. साइक्सने १८३९ मध्ये वर्णिलेला खुद्री महसीर (टॉर खुद्री) त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला होता. आकाराने मोठा, खाण्यास रुचकर आणि गळाला लागल्यावर झुंज देणारा म्हणून हा मासा भोई, संस्थानिक व इंग्रज अधिकारी या सर्वांना प्रिय होता. धरणे, प्रदूषण व सुरुंगाची दारू वापरून होणारी मासेमारी यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची संख्या घटली. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात १९७० नंतरच्या दशकात चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू झाले. भारतातील महसीर-संवर्धनाच्या आरंभीच्या यशस्वी प्रयत्नांत त्याची गणना होते. तेथील पिले देशातील अनेक राज्यांत पाठविण्यात आली.

त्यांपैकी काही कर्नाटकात कावेरी नदीत सोडण्यात आली. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला, जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक असा स्वतंत्र महसीर पूर्वीपासून होता व जगभरचे गळकरी त्यासाठी तेथे येत. गळाने धरून पुन्हा सोडून दिलेल्या माशांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कावेरीचा मूळ महसीर झपाट्याने घटला असून बाहेरून आणलेल्या खुद्री महसीराची संख्या वाढली आहे, असे त्यात आढळले. महसीर वाचविण्याच्या हेतूने केलेले काम दुसऱ्या महसीराच्या ऱ्हासाला साहाय्यभूत झाले.

ही गोष्ट उशिरा लक्षात येण्यास नावाचा घोटाळाही कारणीभूत होता. कावेरीच्या महसीराला दीर्घकाळ साइक्सने दख्खनमधून नोंदलेले मुसुल्ला हे नाव लावले जात होते. साइक्सचा मुसुल्ला हा वस्तुतः महसीर नसून हिप्सेलोबार्बस या प्रजातीतील वेगळा मासा आहे, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. कावेरीचा मासा म्हणजे केरळातील पांबार या उपनदीतून वर्णिलेली टॉर रेमादेवी ही जाती होय, हे २०१८ मध्ये निश्चित झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात केला. तोपर्यंत एका विशाल व प्रसिद्ध माशाला योग्य नाव नव्हते आणि म्हणून त्याच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचारही होऊ शकला नव्हता.

मानवाला होणारे लाभ : गोड्या पाण्यातील जीवसृष्टीच्या मूल्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. (१) मासे, झिंगे, खेकडे, शिंगाडे, कमळकंद, चारा व गवत हे प्रत्यक्ष उपभोगाचे पदार्थ होत. (२) पाणी निवळणे, सेंद्रिय द्रव्याचे विघटन, पुराचे पाणी पाणथळ जमिनीत मुरणे व डासांच्या अळ्यांवर नियंत्रण राहणे हे अप्रत्यक्ष लाभ होत. या कामांसाठी कोणालाही मोबदला द्यावा लागत नाही. ती बंद पडली म्हणजे मात्र शुद्धीकरण केंद्रे, औषधफवारणी इत्यादींवर खर्च करावा लागतो. (३) रानभातासारख्या वन्य जातींतील आनुवंशिक गुण हे भावी काळासाठी राखीव धन होय. (४) डोहातील देवाचे मासे, नदीकाठचे उत्सव, भाषेतील शब्द व निरीक्षणजन्य ज्ञान हे सांस्कृतिक मूल्य होय.

हे लाभ समाजातील सर्व थरांना सारखे मिळत नाहीत व हानीही सारखी वाटली जात नाही. नदीतील बारीक मासे नाहीसे झाले, तर शहरातील ग्राहकाला समुद्रातील किंवा तळ्यातील मासा मिळू शकतो. भूमिहीन भोई वा ढीवर कुटुंबाचे अन्न व मिळकत मात्र एकाच वेळी जाते. संवर्धनाच्या माशांचे बीज, जाळी व ठेका यांसाठी भांडवल लागते. नदीतील मासा केवळ श्रमाने मिळत असे. जैववैविध्याचा ऱ्हास हा म्हणूनच निसर्गाच्या प्रश्नाबरोबर उपजीविकेचाही प्रश्न ठरतो [⟶ मत्स्योद्योग].

संरक्षण : ब्रिटिश अमदानीत १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ऊद व अनेक कासवे यांना संरक्षण मिळाले. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद झाली. स्थानिक नावे, उपयोग व ज्ञान यांची नोंद करण्याचे साइक्सने वैयक्तिक पातळीवर केलेले काम आता कायद्याने गावाकडे सोपविले गेले आहे. पूर्व विदर्भात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत काही गावांतील ढीवरांच्या सहकारी संस्थांनी स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने तलावांतील बेशरम ही उपद्रवी वनस्पती काढली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या व स्थानिक माशांना पुन्हा थारा दिला. या कामात स्त्रियांचा सहभाग मोठा होता.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७१ चा रामसर करार पाणथळ जागांसाठी महत्त्वाचा आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले. हे क्षेत्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे निर्माण झाले आहे. मानवनिर्मित जलाशयही योग्य व्यवस्थापनाने जीवसृष्टीला आश्रय देऊ शकतो, हे त्यावरून दिसते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०११ मध्ये पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या १,१४६ जातींचे परीक्षण केले व त्यांपैकी सु. १६ टक्के जाती धोक्यात असल्याचे नोंदले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक परीक्षणात मासे, चतुर व टाचण्या आणि खेकडे-झिंगे इ. दशपाद कवचधारी यांच्या सु. एक-चतुर्थांश जाती धोक्यात असल्याचे आढळले.

दख्खनच्या नद्यांतील कित्येक मासे आज पुण्यासारख्या शहरांजवळच्या पात्रात दिसत नाहीत, परंतु त्यांची मराठी नावे जगभरच्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत कायम आहेत. सह्याद्रीतील वरचे ओढे, राखीव डोह व काही जुने तलाव यांत या जाती अद्याप तग धरून आहेत. मार्ग मोकळा असला व पाणी वाहते राहिले, तर पहिल्या पुराबरोबर त्या पुन्हा खालच्या-वरच्या पात्रात पसरू शकतात. त्या दृष्टीने उगमाकडील ओढ्यांचे व उन्हाळी डोहांचे रक्षण, धरणांतून पुरेसा प्रवाह सोडणे, सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि एका नदीचे मासे दुसऱ्या नदीत सोडण्यापूर्वी काटेकोर परीक्षण करणे ही आवश्यक पथ्ये मानली जातात.